सुईविना नेत्रौषध साधने

डोळ्यात सुई न टोचता औषध पोहोचवणारी आणि बहुधा ते तिथे काही काळ टिकवणारी साधने. पापणीखालच्या चकत्या, औषध भरलेल्या कॉन्टॅक्ट लेन्स, अश्रुछिद्रात बसवायची बारीक बुचे, तुषारयंत्रे आणि सौम्य वीजप्रवाहाने औषध आत ढकलणारी उपकरणे यांत मोडतात.

बाटलीतून पडणारा थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात एरवी अश्रू असतात जेमतेम 7. जास्तीचे औषध गालावर ओघळते किंवा अश्रुमार्गाने नाकात उतरते. ड्रॉप घातल्यावर घसा कडवट होतो तो यामुळेच. डोळ्याच्या आत शिरते ते 5 टक्क्यांच्याही खाली. औषध घालणे सोपे, थोपवणे अवघड. आयुर्वेदातील नेत्रतर्पणात डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचे आळे करून त्यात औषधी तूप धरतात, तीही थोपवण्याचीच खटपट.

या साधनांतले सर्वांत बोलके उदाहरण ऑक्युसर्टचे. अमेरिकेतील आल्झा कंपनीची ही काचबिंदूवरील चकती 1974 मध्ये मान्य झाली. दोन पातळ पडद्यांमध्ये कोंडलेले पायलोकार्पिन हे औषध ताशी 20 किंवा 40 मायक्रोग्रॅम या गतीने आठवडाभर झिरपे. दिवसातून चारदा ड्रॉप घालणे टळले, ड्रॉपनंतर येणारी धूसरताही कमी झाली. तरीही ती रुळली नाही. चकती खुपे, नकळत निसटून पडे, वर महागही होती. त्यात 1978 मध्ये अमेरिकेत टिमोलॉल या काचबिंदूवरील दुसऱ्या औषधाचे ड्रॉप आले. ते दिवसातून दोनदा पुरत. तंत्र उत्तम होते. रोज वापरणाऱ्याच्या पापणीखाली मात्र ते टिकले नाही.

पुढची साधने अधिक सुटसुटीत आहेत. अश्रुनलिकेत बसवायचे, सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोन या औषधाचे डेक्स्टेन्झा हे बूच अमेरिकेत 2018 मध्ये मान्य झाले. ते महिनाभर औषध सोडते आणि विरघळून जाते, काढावे लागत नाही. ॲलर्जीच्या खाजेसाठी किटोटिफेन भरलेली एकदिवसीय लेन्स तिथे 2022 मध्ये मान्य झाली. तपासणीपूर्वी बाहुली मोठी करणारा मिडकॉम्बी हा तुषार 2023 चा. वीजप्रवाहाच्या पद्धतीत औषधावर जो विद्युतभार असतो त्याच भाराचा विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) डोळ्यावर ठेवतात, म्हणजे औषध आत लोटले जाते.

ही मान्य साधने मुख्यतः डोळ्याच्या पुढच्या भागापुरती आहेत. दृष्टिपटलाच्या विकारांत वापरले जाणारे बिव्हॅसिझुमॅबसारखे मोठे रेणू बाहेरून तिथवर पुरेसे पोहोचत नाहीत. मधुमेहाने दृष्टिपटलाला सूज आलेल्या रुग्णाला ते आजही इंजेक्शननेच, एका वेळी साधारण 0.05 मिलिलिटर, दिले जातात.