पूररेषेपलीकडची प्रत

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. अशा गावात फोटो, कागदपत्रं नुसती कपाटात ठेवून भागत नाही; त्यांची एक प्रत क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरता येणाऱ्या कंपन्यांच्या दूरच्या संगणकांवर हवी.

भिजलेली हार्ड डिस्क उन्हात वाळवून चालू करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आतली तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. पुराच्या गाळाचा कण त्या फटीहून कितीतरी मोठा. डिस्क फिरली की तोच कण तबकडी खरवडत जातो. माळ्यावरची दुसरी डिस्क वाचेलही, पण चोरी किंवा आग लागली तर दोन्ही एकाच घरात. क्लाउडमध्ये फाइलचे तुकडे वेगवेगळ्या यंत्रांवर, जादा प्रतींसह ठेवतात. एखादी डिस्क बंद पडली तरी फाइल शाबूत राहते.

आधी काय चढवायचं? सातबारा ऑनलाइन पुन्हा मिळतो, आधार डिजिलॉकर या सरकारी ॲपवर मिळतं. आजीचा एकुलता एक फोटो मात्र कुठूनच मिळत नाही. सुरुवात तिथून करा. फोनने त्याची प्रत टिपताना तो खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, म्हणजे चकाकी येत नाही.

गुगलची फुकट जागा १५ जीबी. त्यातच जीमेल, ड्राइव्ह, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप. जागा भरली की बॅकअप थांबतो, मेलही येईनाशी होते. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल तर १० जीबीला साडेचार तास लागतात, म्हणून पहिला बॅकअप रात्री, वाय-फायवर, चार्जर लावून घ्या.

खरा घोळ पुढे होतो. फोनमध्ये जागा करायची म्हणून गुगल फोटोजमधून फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडमधूनही जातो. बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये सापडतो, नंतर नाही. त्याच ॲपमधला जागा मोकळी करण्याचा पर्याय वापरला, तर फक्त फोनमधली प्रत निघते.

आणि फोनच वाहून गेला तर? ओटीपी येणार कुठे? टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे पासवर्डनंतर दुसऱ्यांदा ओळख पटवण्याच्या सोयीत, गुगल आठ अंकी १० बॅकअप कोड देतं. प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून जतच्या मामांकडे ठेवा, तिथवर कृष्णेचा पूर पोचत नाही. मग पावसाळ्याआधी एकदा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर लॉगिन करून एक जुना फोटो उतरवून बघा, आणि काम झालं की तिथून लॉगआउट करा.