नॅचेझ, मिसिसिपी

नॅचेझ हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातलं छोटं शहर, मिसिसिपी नदीच्या पूर्व काठावर उंच कड्यावर बसलेलं, आणि ॲडम्स काउंटीचा कारभार इथनंच चालतो. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या भरली १४,५२०, म्हणजे आपल्याकडं एखादं तालुक्याचं गाव असतं तेवढीच. पण या एवढ्याशा गावावर इथले मूळ रहिवासी नॅचेझ लोक, फ्रेंच, ब्रिटिश, स्पॅनिश आणि मग अमेरिका अशा एकामागून एक सत्ता येऊन गेल्या. गावाचं नाव आज निघतं ते बहुतेक जुन्या वाड्यांसाठी, पांढरे खांब, मोठमोठे ओक आणि त्यांच्या फांद्यांवरनं लोंबणारं स्पॅनिश मॉस (झाडांवर वाढणारी जटांसारखी वनस्पती). वाडे देखणे आहेत यात वादच नाही, पण ते कुणाच्या घामावर उभे राहिले ते सोडून नुसते वाडे सांगितले तर अर्धं गाव सांगायचंच राहतं, म्हणून इथं दोन्ही एकत्रच घेतलंय.

कडा आणि समोरचा काठ

कडा नदीपासून साधारण २०० फूट उंच आणि तो खडकाचा नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. हिमयुगात वाऱ्यानं उडून आलेली बारीक धूळ थरावर थर साचून तो तयार झालाय, या मातीला लोएस म्हणतात. ही माती सरळ कापली तर भिंतीसारखी उभी राहते, पण पाण्याची धार लागली की ढासळते. एकाच वाटेनं वर्षानुवर्षं माणसं आणि घोडी गेली की ती वाट खचत खचत खाली जाते, आणि इथून निघणाऱ्या नॅचेझ ट्रेस या जुन्या वाटेचे काही तुकडे अजून असे आहेत की आत उभं राहिलं तर दोन्हीकडची माती डोक्याच्या वर जाते, कडेनं झाडांची मुळं उघडी पडलेली दिसतात.

कड्याच्या पायथ्याशी नदीला लागून जी पट्टी आहे ती अंडर-द-हिल. नावाडी, जुगारी, दारूचे गुत्ते, सगळा धक्का तिथं होता, आणि वर शिष्ट वस्ती. त्या पट्टीतली बरीचशी जमीन नदीनं खाऊन टाकली, आता सिल्व्हर स्ट्रीटचा उतार आणि थोड्याच इमारती उरल्यात. नदीपलीकडं लुइझियाना राज्यातलं व्हिडेलिया, आणि तिकडची जमीन एकदम सपाट, सखल, पुरानं आणलेल्या गाळाची. या गावाचं सगळं नशीब या दोन काठांच्या फरकात आहे असं मला वाटतं: पलीकडं कापूस उत्तम यायचा पण पूर आणि हिवताप, अलीकडं कड्यावर वारा आणि कोरडी जागा, मग जमीनमालकांनी शेतं तिकडं ठेवली आणि घरं इकडं बांधली. नदीचं पात्र रुंद करायचं ठरलं तेव्हा १९३८-३९ च्या सुमारास व्हिडेलिया अख्खं मागं सरकवलं होतं. २०११ च्या मे महिन्यात नॅचेझला पाण्याची पातळी ६२ फुटांच्या जवळ गेली, नोंदीतली सगळ्यात जास्त, तेव्हासुद्धा वरचं गाव कोरडंच होतं आणि व्हिडेलियाच्या काठावर वाळूमातीचे बांध घालून इमारती वाचवाव्या लागल्या.

ज्यांच्यावरनं नाव पडलं

नॅचेझ लोक हे मातीचे उंच चौथरे बांधणारे. सेंट कॅथरीन ओढ्याकाठचं त्यांचं मुख्य गाव आज जपलेलं आहे, आणि गावापासून थोडं ईशान्येला एमराल्ड माउंड आहे, जवळजवळ ८ एकरांवर पसरलेला, सगळ्यांनी मिळून टोपल्यांनी माती वाहून रचलेला. त्यांच्या प्रमुखाला महासूर्य म्हणायचे, देवळात अग्नी अखंड जळता ठेवायचे, आणि गादी प्रमुखाच्या मुलाकडं न जाता बहिणीच्या मुलाकडं जायची.

१७१६ मध्ये फ्रेंचांनी इथं फोर्ट रोझली बांधला, न्यू ऑर्लिन्स वसायच्याही दोन वर्षं आधी. सुरवातीला देवाणघेवाण होती, मग तंबाखूच्या मळ्यांसाठी जमीन हवी झाली आणि फ्रेंच अधिकाऱ्यानं एक अख्खं गाव रिकामं करून मागितलं. २८ नोव्हेंबर १७२९ ला नॅचेझांनी किल्ल्यावर आणि मळ्यांवर हल्ला केला, दोनशेच्या वर फ्रेंच मारले. फ्रेंचांनी चॉक्टॉ या दुसऱ्या मूळ जमातीला बरोबर घेऊन जो सूड घेतला त्यात १७३१ पर्यंत हे लोक आपल्या मुलखातनं संपले, शेकडो जणांना कॅरिबियनमधल्या सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत गुलाम म्हणून विकलं, उरलेले चिकासॉ, क्रीक, चेरोकी या जमातींत जाऊन राहिले. त्यांचे वंशज आज ओक्लाहोमात आहेत. त्यांची भाषा कुठल्याच दुसऱ्या भाषेशी नातं नसलेली होती, ती बोलणारी शेवटची माणसं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गेली.

१७६३ ला ब्रिटिश आले, १७७९ ला स्पॅनिश. कड्यावरचे चौकटीत आखलेले रस्ते ही स्पॅनिशांचीच देणगी. १७९५ च्या तहानं हा भाग अमेरिकेकडं गेला, १७९८ ला स्पॅनिश शिपाई निघाले आणि नॅचेझ मिसिसिपी टेरिटरीची, म्हणजे अजून राज्य न झालेल्या प्रदेशाची, राजधानी झालं. चारच वर्षांनी राजधानी सहा मैलांवरच्या वॉशिंग्टन नावाच्या खेड्यात नेली.

चालत घरी जाणारे नावाडी

त्या वेळी ओहायो खोऱ्यातले लोक सपाट बुडाच्या होड्या बांधून त्यात धान्य, डुकराचं मांस, व्हिस्की भरून प्रवाहाबरोबर खाली यायचे. उलट्या प्रवाहानं होडी वर नेणं जमण्यासारखं नव्हतं, त्यामुळं माल विकला की होडीही मोडून लाकूड म्हणून विकायची आणि पैसे कनवटीला बांधून नॅचेझ ट्रेसनं टेनेसीतल्या नॅशव्हिलपर्यंत चालत जायचं, साडेचारशे मैलांच्या आसपास. वाटेत लुटारूंची भीती. १८११ च्या शेवटी 'न्यू ऑर्लिन्स' नावाची पहिली आगबोट नॅचेझच्या धक्क्याला लागली आणि पाहता पाहता या वाटेवरची वर्दळ आटली. आता त्याच मार्गानं ४४४ मैलांचा सरकारी हमरस्ता आहे, ट्रकना बंदी असलेला, आणि तो पूर्ण व्हायला २००५ उजाडलं.

कापूस आणि माणसांचा बाजार

सरकी काढायचं यंत्र १७९३ ला आलं आणि तंबाखू, नीळ मागं पडून सगळं कापूसमय झालं. कापसाला माणसं लागत होती. व्हर्जिनिया, मेरीलँडकडनं गुलामांना साखळ्यांत बांधून हजार मैल चालवत किंवा बोटीनं इकडं आणायचे, आणि गावाच्या वेशीवर दोन रस्ते फुटतात त्या फोर्क्स ऑफ द रोड या जागी विकायचे. दक्षिणेच्या या भागात न्यू ऑर्लिन्सनंतरचा हाच सगळ्यात मोठा बाजार. बाजार वेशीबाहेर का, तर १८३३ मध्ये कॉलऱ्यानं मेलेल्या गुलामांची प्रेतं एका व्यापाऱ्यानं घळीत टाकल्याचं उघड झालं, लोक भडकले, आणि नगरपालिकेनं व्यापाऱ्यांना हद्दीबाहेर काढलं. रोग गावात नको होता, धंदा मात्र तीस वर्षं चालू राहिला. इथं बोली लावत नसत, दुकानात जाऊन माल पारखावा तसं गिऱ्हाईक यायचं, नवे कपडे घालून ओळीत उभ्या केलेल्या माणसांचे दात बघायचं, पाठीवर चाबकाचे वळ आहेत का बघायचं, घासाघीस करायचं.

याच भागात १७८८ मध्ये अब्दुल रहमान इब्राहिमा नावाचा माणूस विकला गेला, आजच्या गिनीतल्या फुटा जालोनच्या राजघराण्यातला, अरबी लिहिता-वाचता येणारा. पुढं १८०७ च्या सुमारास तो बाजारात रताळी विकत असताना त्याला एका डॉक्टरानं ओळखलं, हा डॉक्टर तरुणपणी आफ्रिकेत वाट चुकून आजारी पडला तेव्हा त्याला इब्राहिमाच्या वडिलांनी घरी ठेवून घेतलं होतं. डॉक्टरानं त्याला सोडवायची खटपट केली, मालक तयार झाला नाही, आणि सुटका झाली ती १८२८ मध्ये, चाळीस वर्षांनी. आफ्रिकेत लायबेरियापर्यंत पोचला, पण आपल्या गावी जायच्या आधीच १८२९ मध्ये वारला.

दुसरा माणूस विल्यम जॉन्सन. जन्मानं गुलाम, अकराव्या वर्षी १८२० मध्ये मुक्त झाला, न्हावीकाम शिकला, गावात स्वतःची दुकानं काढली आणि १८३५ पासून १८५१ पर्यंत रोजनिशी लिहिली. गोऱ्यांची दाढी करता करता कानावर पडलेलं सगळं तिच्यात आहे, शर्यती, कर्ज, मारामाऱ्या, पूर. त्याच्याकडं स्वतःचेही गुलाम होते हे वाचताना त्रास होतो, पण ते लपवून चालणार नाही. १८५१ ला बांधाच्या वादात त्याला शेजाऱ्यानं गोळी घातली. साक्षीदार काळे होते, आणि आरोपी आपण गोरे आहोत म्हणाला, गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष चालत नव्हती, त्यामुळं तो सुटला. जॉन्सनचं विटांचं घर आज राष्ट्रीय उद्यान खात्याकडं आहे.

७ मे १८४० ला दुपारी नदीच्या पात्रावरनं चक्रीवादळ आलं, अधिकृत मृत ३१७, बहुतेक होड्यांवरचे. मळ्यांवर मेलेले गुलाम त्या आकड्यात मोजलेच नव्हते.

युद्ध, आणि त्याचं आपल्याकडचं टोक

१८६० ला ॲडम्स काउंटीत दर दहा माणसांत सात गुलाम होते. गुलामी असलेली दक्षिणेची राज्यं फुटून निघाली आणि उत्तरेशी यादवी युद्ध झालं, १८६१ ते १८६५, त्यात गाव फारसं न लढताच उत्तरेच्या ताब्यात गेलं, जुलै १८६३ मध्ये तिथं फौज येऊन राहिली, म्हणून वाडे वाचले. लाँगवूड हा अष्टकोनी वाडा मात्र अर्धाच राहिला: काम चालू असताना १८६१ ला युद्ध पेटलं, उत्तरेकडनं आलेले कारागीर हत्यारं टाकून घरी गेले, तळमजल्यात कुटुंब राहायला लागलं आणि वरचे मजले आजही नुसते विटा आणि लाकडाचे सांगाडे, घुमटापर्यंत मोकळे, आत तेव्हाच्या खोक्यांसकट जुनं सामान दिसतं.

या काठावरचा कापूस उत्तरेच्या नाकेबंदीत अडकला तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडं मोर्चा वळवला. मुंबईत पैशाचा पूर आला, कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवायचे बेत झाले, आणि १८६५ ला युद्ध संपताच सगळं कोसळलं. वऱ्हाडच्या कापसासाठी टाकलेली रेल्वे १८६७ ला नागपूरला पोचली. खामगाव-हिंगणघाटच्या बाजारांची वाढ वाचताना नकाशाच्या दुसऱ्या टोकाला मिसिसिपीचा काठ आहे हे ध्यानात ठेवावं.

युद्धानंतर काही वर्षं इथं फार मोठी उमेद होती. गावात धर्मोपदेशक असलेले हायरम रेव्हल्स १८७० ला अमेरिकी सिनेटचे पहिले काळे सदस्य झाले. इथंच गुलामीतनं सुटलेले जॉन लिंच १८७३ ला अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत गेले. रॉबर्ट वूड हे काळे महापौर होते. मग दहशत आणि कायदे करून हे सगळं मोडलं, आणि पुढचा काळा महापौर निवडून यायला २००४ उजाडावं लागलं.

विसावं शतक

१९०७ च्या सुमारास बोल वीव्हिल नावाचा सोंडेचा भुंगा नदी ओलांडून आला (आपल्या बोंडअळीपेक्षा हा वेगळा) आणि कापूस बसला. वाडे विकत घ्यायला पैसेवाला नव्हता, पाडायलाही नव्हता. १९३१ मध्ये बागा बघायला पाहुण्या बायका आल्या तेव्हा उशिराच्या थंडीनं फुलं करपली होती, मग घरंच उघडून दाखवली, आणि १९३२ पासून तिकीट लावून वाडे दाखवायचा वार्षिक सोहळा सुरू झाला. गावाचं पोट त्यावर चाललं हे खरं, पण पुष्कळ वर्षं त्यात गुलामी नावालाही नव्हती.

२३ एप्रिल १९४० ला ऱ्हिदम क्लब या काळ्या लोकांच्या नाचघराला आग लागली. पत्र्याची इमारत, सजावटीला लोंबवलेलं वाळकं मॉस, त्यावर किडे मारायला फवारलेलं पेट्रोलजन्य औषध, बिनतिकीट कुणी शिरू नये म्हणून खिळे ठोकून बंद केलेल्या खिडक्या, आणि बाहेर पडायला एकच दार, तेही आत उघडणारं. २०९ माणसं गेली. वॉल्टर बार्न्स आणि त्यांचा वाद्यवृंद लोक घाबरू नयेत म्हणून शेवटपर्यंत वाजवत राहिला.

१९६५ ला एनएएसीपी या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे स्थानिक अध्यक्ष जॉर्ज मेटकाफ यांच्या गाडीत बाँब उडाला, ते वाचले. लोकांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला आणि डिसेंबरपर्यंत नगरपालिकेला मागण्या मान्य करायला लावल्या. २७ फेब्रुवारी १९६७ ला संघटनेचे खजिनदार व्हारलेस्ट जॅक्सन यांना बाँबनं मारलं, टायर कारखान्यात तोवर फक्त गोऱ्यांना मिळणारी जागा त्यांना मिळाली होती. कुणालाही शिक्षा झाली नाही.

कारखाने पुढं बंद पडले, १९६० ला २४ हजारांच्या घरात असलेली वस्ती उतरत गेली. आता पोट पर्यटनावर, आणि वाड्यांबरोबर बाकीचंही दाखवायला लागलेत. फोर्क्स ऑफ द रोडची जागा २०२१ ला राष्ट्रीय उद्यानात आली. तिथली गुलाम कोंडायची बांधकामं १८६३ मध्येच काळ्या सैनिकांनी मोडली होती, जे थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत स्वतः गुलाम होते, आणि त्या लाकडांतनं आपल्या बराकी उभ्या केल्या होत्या. आज जागेवर रस्त्याकडेला गवताचा तुकडा आहे, माहितीचे फलक आहेत, आणि जमिनीत काँक्रीटमध्ये अर्धवट रुतवलेल्या लोखंडी बेड्या आहेत.