सिग्नल तोकडाच बरा

2010च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आयफोन 4 दाखवताना स्टीव्ह जॉब्झ यांच्या हातातल्या फोनवर साधे वेबपान उघडेना. सभागृहात 570 वाय-फाय केंद्रे चालू आहेत, असे मंचावरूनच सांगत त्यांनी श्रोत्यांना ती बंद करायला लावली.

इंटरनेट होते, हवा पुरत नव्हती. वाय-फायच्या एका चॅनेलवर, म्हणजे रेडिओलहरींच्या एका ठरावीक पट्टीवर, एका वेळी एकानेच बोलायचे. बाकीची यंत्रे कानोसा घेत थांबतात. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल जेमतेम तीन: 1, 6 आणि 11. त्यात या लहरी लांबवर पोचतात. घरात हा गुण. हजार माणसांच्या सभागृहात दोष, कारण पार मागच्या रांगेतली कुजबुज पुढच्यांनाही थोपवून धरते. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींत आणि माणसांच्या अंगांत लवकर विरतात, म्हणून तेच चॅनेल थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येते. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी आयईटीएफ वर्षातून तीनदा, वेगवेगळ्या खंडांत भरते. तिचा भर 5वरच असतो.

मात्र चॅनेल किती मिळणार, हे यजमान देश ठरवतो. 5 गिगाहर्ट्झमध्ये 20 मेगाहर्ट्झ रुंदीची (गर्दीत याहून रुंद घेणे म्हणजे उधळपट्टीच) अमेरिकेत 25, युरोपात पूर्ण ताकदीने वापरता येणारी 19, चीनमध्ये 13. अमेरिकेतला आराखडा जसाच्या तसा बीजिंगला नेला, तर 100 ते 144 क्रमांकांची (इथे क्रमांक चार-चारने वाढतात) बाराच्या बारा गळतात. जपानमध्ये 149पासून पुढची चालत नाहीत. भारताने 2018 मध्ये याच पट्ट्यात 605 मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले.

खरी मेख रडारची. मधली बरीच चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावी लागतात: सुरू करण्याआधी 60 सेकंद ऐकायचे, रडार जाणवले की 10 सेकंदांत बाहेर, पुढे अर्धा तास परत फिरकायचे नाही. युरोपात हवामान रडारच्या 5600 ते 5650 मेगाहर्ट्झमध्ये तर आधी 10 मिनिटे ऐकावे लागते. म्हणून विमानतळाजवळच्या सभागृहात ही चॅनेल नकोशी वाटतात. पण टाळून करणार काय? अमेरिकेत मग नऊ उरतात, युरोपात अवघी चार. माझ्या मते ती वापरावीतच; फक्त आदल्या दिवशी जागेवर जाऊन रडार कुठे जाणवते ते पाहावे.

6 गिगाहर्ट्झमध्ये ही रडारची अट नाही. अमेरिकेने 2020 मध्ये तिथे 1200 मेगाहर्ट्झ खुले केले, युरोपने वर्षभराने 480. पण तो पट्टा ऐकूच न येणारे लॅपटॉप अजून पुष्कळ आहेत, त्यामुळे तूर्त आखणी 5वरच बेतावी लागते.