तीन टिंबं आणि वेचणीची चिठ्ठी

कापूस वेचणाऱ्या बाईची दिवसात किती वजनं होतील, ते सकाळी सांगता येत नाही. कुणाची दोन गठुडी, कुणाची पाच. यवतमाळकडच्या आमच्या वावरात हा हिशेब ठेवायला मी कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेत छोटं ॲप लिहिलं. पहिल्याच संध्याकाळी चिठ्ठीवर किलोंच्या जागी चौकटी कंस, जावा भाषेतल्या डबल या दशांश-आकड्याच्या क्लासचं (प्रकाराचं) नाव आणि @ च्या पुढे अक्षरं-आकड्यांचा गुंता आला. मजुरी किलोवर मिळते. चिठ्ठी वाचता आली नाही तर बाईने विश्वास कशावर ठेवायचा?

या गुंत्याचं मूळ सी भाषेत आहे. तिथल्या प्रिंटएफ या छापण्याच्या फंक्शनला हवी तितकी मूल्यं देता येतात, पण किती दिली हे त्याला कळत नाही. छापायच्या मजकुरात मूल्यांच्या जागा दाखवणारी % ची जितकी चिन्हं, तितकी मूल्यं ते उचलतं. चिन्हं जास्त झाली तर भलतंच काही हाती लागतं. १९८९ च्या ॲन्सी प्रमाणात, म्हणजे सीच्या अधिकृत नियमावलीत, ‘इथे कितीही मूल्यं चालतील’ असं सांगणारी तीन टिंबांची (...) खूण पक्की झाली, तरी मोजणी प्रोग्रामरकडेच राहिली.

२००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत टिंबं तीच आली, पण आत साधा ॲरे, म्हणजे मूल्यांची ओळीने मांडलेली यादी, होता. आपण पाच मूल्यं लिहायची, कंपायलरने, म्हणजे कोडचं भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामने, त्यांचा ॲरे बांधायचा. जेव्हीएमला, म्हणजे तो भाषांतरित कोड चालवणाऱ्या प्रणालीला, दिसते ती एक ॲरे घेणारी मेथड (फंक्शन). मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण ॲरेला स्वतःची लांबी ठाऊक असते. मात्र बांधण्याचं काम जावाच्या कंपायलरचं. त्याच जेव्हीएमवर आलेल्या इतर भाषांनी आपापली रीत ठरवली. क्लोजरमध्ये ॲरे आपणच करून द्यावा लागतो. स्कालात यादीला वेगळी खूण जोडावी लागते. कोटलिन सुटी मूल्यं स्वतः बांधतं, पण डबलचा तयार ॲरे दिला तर तो अख्खा एकच मूल्य धरून नव्या ॲरेत ठेवतं. जावात तोच ॲरे सरळ उघडून वाचला गेला असता. माझं नेमकं इथेच चुकलं.

ॲरेच्या नावाआधी * लावलं की कोटलिन तो उघडून त्यातली मूल्यं सुटी करून देतं. मी लावलं, तर चिठ्ठीवर फक्त पहिलं वजन उमटलं. मजकुरात % एकदाच होतं, आणि जावाचं फॉरमॅट हे मजकूर जुळवणारं फंक्शन उरलेली मूल्यं न बोलता सोडून देतं. सीची ती जुनी मोजणी इथेही चालूच होती. किलोंचा गुंता निदान डोळ्यांना दिसला होता. गाळलेली वजनं कुणालाच दिसली नसती. आता जितकी वजनं तितकी % ची चिन्हं ॲप स्वतः तयार करतं, आणि चिठ्ठीच्या तळाशी एकूण गठुडी छापतं.