ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली चोरीला जाऊ नये म्हणून
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

ट्रॅक्टरची चावी खिशात असली की मालक निर्धास्त झोपतो. ट्रॉलीला मात्र चावी नसते. तिला ट्रॅक्टरशी धरून ठेवते ती वीतभर लांबीची एक पिन आणि त्या पिनेच्या खालच्या भोकात अडकवलेली तारेची क्लिप. ती काढायला पाना लागत नाही की हातोडी लागत नाही. शाळकरी पोरगंसुद्धा ती ओढून काढतं. ‘ट्रॉली ट्रॅक्टरला जोडून ठेवलीय, कोण नेतंय?’ असं आमच्या वर्कशॉपमध्ये येणारे कितीतरी शेतकरी म्हणतात. एकेकाळी आम्हीही असंच म्हणायचो.

दोन हंगामांपूर्वी आमच्या स्वतःच्या डबल ट्रॉलीतली मागची ट्रॉली गेली. ऊस उतरवून ड्रायव्हर परत येत होता. वाटेत ट्रॅक्टर रस्त्याकडेला लावून तो ढाब्यावर जेवायला बसला. पंचवीस मिनिटांनी उठून बघतो तर ट्रॅक्टर जागेवर, पुढची ट्रॉली जागेवर, मागची गायब. पिन तेवढी पुढच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर नीट आडवी ठेवलेली होती, क्लिपसकट. ढाब्यावरच्या माणसांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘एक ट्रॅक्टर आला, ट्रॉली जोडली आणि गेला. आम्हाला वाटलं तुमचाच माणूस आहे.’ आमच्या ड्रायव्हर मामांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. अकरा वर्षं ते आमच्याकडे आहेत. त्यांची काहीही चूक नव्हती. ट्रॉलीला कुलूप लावायची सोयच आम्ही त्यांना दिली नव्हती.

त्या ढाब्यावरच्या माणसांनाही आम्ही दोष देत नाही. रस्त्यानं ट्रॅक्टर ट्रॉली ओढत चाललाय, यात संशय यावा असं काय आहे? चोराला हेच सगळ्यात सोयीचं पडतं. ट्रॉली एकदा त्याच्या ट्रॅक्टरला लागली की ती त्याचीच दिसते. म्हणून जे काही करायचं ते पिन निघण्याच्या आधीच करायला हवं.

आधी पिन

चार चाकी ट्रॉलीची दांडी पुढच्या टर्न टेबलाला, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या फिरत्या चकतीला, बिजागरीनं जोडलेली असते. रिकामी असताना ती एका माणसाच्या हातानं उचलली जाते. दोन चाकी ट्रॉलीचा थोडा भार दांडीवर येतो, त्यामुळे तिथं जॅक किंवा दुसरा माणूस लागतो. फरक एवढाच, आणि तो दोन मिनिटांचा. त्यामुळे डबल ट्रॉली असेल तर दोन्ही जोडांना कुलूप हवं. मागचा जोड तर ड्रायव्हरच्या नजरेआड असतो. एकच कुलूपपिन, म्हणजे कुलूप लावता येणारी पिन, घ्यायची ऐपत असेल तर ती मागच्या जोडाला लावा, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

आमच्या कुलूपपिनेत तीन गोष्टी आहेत. वरचं डोकं हुकाच्या भोकापेक्षा मोठं आहे, त्यामुळे पिन वरून खाली जात नाही. खालच्या बाजूला क्लिपेसाठी एक भोक आहे आणि कुलपाच्या कडीसाठी दुसरं मोठं; कुलूप लागलं की पिन खालून ठोकूनही वर येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे कुलपाभोवती वेल्ड केलेली लोखंडी वाटी. ही वाटी महत्त्वाची आहे. बोल्ट कटरचे जबडे कुलपाच्या कडीपर्यंत पोचले की साधं कुलूप एका दाबात तुटतं. वाटीत बसलेल्या कुलपाला जबडा लावायला जागाच मिळत नाही. खालून फक्त चावीचं तोंड दिसतं.

कुलूप घेताना कडी हार्डन केलेली, म्हणजे तापवून कडक केलेली आहे ना, ते बघा. कडी जितकी कमी उघडी तितकं बरं. गोल चकतीसारखं कुलूप मिळतं, ते याच कारणानं चांगलं. घराच्या दाराचं जुनं कुलूप आणून पिनेत अडकवू नका. ते असलं काय आणि नसलं काय, चोराला सारखंच.

ट्रॉलीची ओढ कुलपावर कधीही येता कामा नये. ओढ पिनेनं घ्यायची, कुलपानं फक्त पिन जागेवर ठेवायची. कुलूप लावल्यावर हातानं हलवून बघा. ते भोकात सैल फिरायला हवं. घट्ट बसत असेल तर पिन लांबीला कमी पडतेय, ती आम्ही बदलून देऊ. आणि कुलूप लावलं म्हणून क्लिप काढून टाकू नका. चालताना दोन्ही असू द्या.

काहीजण पिन वेल्ड करूनच टाकतात. कृपा करून हे करू नका. वळणावर आणि खड्ड्यात दांडीच्या टोकाची कडी पिनेभोवती फिरली पाहिजे. वेल्ड केल्यावर ती फिरत नाही आणि सगळा पिळा दांडीवर येतो, तिथं तडा जातो. शिवाय ट्रॉली कलंडली, पाचटाला आग लागली, तर ट्रॅक्टर सोडवून घ्यायला क्षणभराचा वेळ मिळतो. म्हणूनच कुलपाची एक चावी कायम ट्रॅक्टरच्या चावीच्या जुडग्यात हवी. मालकाच्या घरातल्या कपाटात दुसरी.

धुळीनं आणि उसाच्या चिकट रसानं कुलूप जाम होतं. त्यावर इंजिन ऑइल ओतलं की धूळ अजून चिकटते. ग्रॅफाइटची पूड आत फुंका, महिन्यातून एकदा पुरे. चावीच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा तारेनं बांधा. आमच्या एका ग्राहकानं ही युक्ती केली आणि आम्ही ती त्यांच्याकडून शिकलो.

पिन पक्की झाली की चोराची नजर हुकावर जाते

ट्रॅक्टरचा हूक मागच्या पट्टीला बोल्टांनी बसवलेला असतो. पिन निघत नाही म्हटल्यावर पाना लावून हूकच सोडवता येतो. मग ट्रॉली हुकासकट जाते. बोल्ट हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ओढ सोसणारे असतात, त्यामुळे त्यांना वेल्ड मारू नका. उष्णतेनं त्यांची ताकद उतरते आणि भरलेली ट्रॉली चढावर असताना बोल्ट तुटला तर मागच्या माणसाचा जीव जाईल. त्याऐवजी नटाच्या बाहेर आलेला आटा पंच मारून पसरवून टाकतात. पान्यानं तो नट फिरत नाही. हूक बदलायचा झाला की आम्ही ग्राइंडरनं कापून नवे बोल्ट घालून देतो.

साखळी

साखळी ही पिनेला पर्याय नाही, जोडीला आहे. बाजारात मिळणारी जस्त चढवलेली साधी साखळी कटरनं सहज कापली जाते. कडी किमान 10 मिलिमीटर जाड आणि हार्डन केलेली घ्या. दांडीवरून एक वेढा, मग ट्रॅक्टरच्या चेसीतून, आणि शक्य तितकी आखूड. लोंबती साखळी जमिनीला टेकली की चोर कटरचा एक दांडा जमिनीवर ठेवतो आणि दुसऱ्यावर अंगाचा भार देतो. हवेत ताणलेल्या साखळीवर तसा भार देता येत नाही. हे ट्रॅक्टर उभा असतानाचं झालं. चालवताना वळणापुरती ढील द्या, नाहीतर पहिल्या वळणावर साखळी तुटेल.

बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन चोर आला तर आमची पिन, वाटी, साखळी सगळं कापलं जाईल. हे आम्ही लपवत नाही. पण ग्राइंडरचा आवाज होतो, ठिणग्या उडतात, वेळ जातो. ढाब्यासमोर, वस्तीजवळ चोराला हे परवडत नाही. कुलपाचं काम चोराला वेळ खायला लावण्याचं आहे.

ट्रॉली अडकली, मग ट्रॅक्टरच नेला तर?

हा प्रश्न रास्त आहे. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या चाव्या एकमेकांना लागतात हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे बॅटरीचा प्रवाह तोडणारा कटऑफ स्विच बसवा. सहज हात पोचेल पण सहज दिसणार नाही अशा जागी. उतारावर ट्रॅक्टर लावू नका. उतारावर ढकलून, गिअर टाकून तो बॅटरीशिवायही सुरू होतो. सपाट जागा, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळवलेली. घराजवळ असाल तर ट्रॉलीची पाठ भिंतीला लावा. पुढून ट्रॅक्टर अडवतोय आणि मागून भिंत, मग ट्रॉली जाणार कुठून?

साखर कारखान्याच्या रांगेत

सगळ्यात जास्त काळजी इथं घ्यायला हवी. रात्रभर नंबर लागत नाही, ड्रायव्हर पाचटावर किंवा ट्रॉलीखाली अंग टाकतो. चारी बाजूंनी ट्रॅक्टर सुरू होत असतात, पुढे सरकत असतात, त्यामुळे आवाजानं कोणाला जाग येत नाही. भरलेल्या ट्रॉलीला सहसा कोणी हात लावत नाही. धोका आहे तो वजन उतरवून बाहेर आल्यावर, रिकाम्या ट्रॉलीला. ड्रायव्हर तेव्हा थकलेला असतो, भाड्याची चिठ्ठी घ्यायला जातो, चहा घेतो. रिकाम्या काट्यावरून बाहेर आलात की ट्रॅक्टरवरून उतरण्याआधी मागं वळून बघा आणि दोन्ही कुलपं तपासा. गव्हाणीपाशी, म्हणजे ऊस टाकतात तिथं, ट्रॉली सोडावी लागली असेल तर कुलूप परत लावायचं राहूनच जातं. आमच्या कुलपांच्या चावीला म्हणून आम्ही लाल फीत बांधून देतो. कुलूप उघडलं की ती फीत स्टेअरिंगवर अडकवायची; तिथं दिसली तर समजावं की कुलूप उघडं आहे.

रेडियमच्या पट्ट्या साखळीखाली झाकल्या जाणार नाहीत एवढं मात्र पाहा. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला त्या पट्टीशिवाय ट्रॉली दिसत नाही.

ट्रॉलीची ओळख

आपल्या भागातल्या ट्रॉल्या गावोगावच्या वर्कशॉपमध्ये बनतात. निळ्या नाहीतर लाल, मापही जवळपास तेच. चोरीची ट्रॉली सापडली तरी ‘ही माझीच’ हे कसं सिद्ध करणार? चेसी नंबरची पत्र्याची पट्टी रिव्हेट कापून काढता येते आणि नवा रंग एका दिवसात लागतो. म्हणून नंबर लोखंडातच पंच करून घ्या. चेसीच्या चॅनेलवर, टर्न टेबलाच्या प्लेटवर, अ‍ॅक्सलवर आणि एका अशा जागी जी फक्त तुम्हाला माहीत आहे. हे काम आम्ही आमच्या ट्रॉलीला विनामूल्य करतो, दुसऱ्यांनी बनवलेल्या ट्रॉलीलाही करून देतो. पंच केल्यावर प्रत्येक जागेचा फोटो काढा आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा.

ट्रॉलीची आरटीओकडे नोंदणी करून घ्या. कायद्यानं ती लागतेच, आणि नोंदणी नसलेल्या ट्रॉलीची तक्रार द्यायला गेल्यावर मालकी दाखवायला फक्त बिल उरतं. बिलावर चेसी नंबर लिहिलेला आहे का, तेही आत्ताच बघून घ्या. विमा काढताना ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉली वेगळी नमूद केलेली हवी. नुसत्या थर्ड पार्टी विम्यातून चोरीची भरपाई मिळत नाही.

जीपीएसबद्दल बरेच जण विचारतात. ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसते, त्यामुळे स्वतःची बॅटरी असलेलं यंत्र घ्यावं लागतं आणि ते वेळच्या वेळी चार्ज करावं लागतं. लोखंडी चॅनेलच्या पोटात ठेवलं तर सिग्नल अडतो. हे सांभाळायची सवय असेल तरच घ्या. आमच्या मते आधी पिन, मग पंच, आणि पैसे उरले तर जीपीएस.

कोकणातल्या आमच्या ग्राहकांसाठी

मालवण, तारकर्लीकडून जेट स्की आणि लहान होड्यांच्या ट्रेलरसाठी विचारणा होते. तिथला जोड पिनेचा नसून जीपच्या मागच्या 50 मिलिमीटरच्या गोळ्यावर बसणारा असतो. त्याच्या खिट्टीला भोक असतं, कुलूप त्यात लावायचं. पण तेवढं पुरत नाही. गोळा ज्या नळीवर बसवलेला असतो ती नळी जीपला एका आडव्या पिनेनं धरलेली असते. त्या पिनेलाही कुलूप लावा, नाहीतर चोर गोळ्यासकट सगळंच काढून नेईल. खाऱ्या पाण्यात लोखंडी कुलूप एका पावसाळ्यात जाम होतं, म्हणून पितळी अंगाचं आणि स्टेनलेस कडीचं घ्या. ट्रेलर पाण्यात उतरवून झाला की प्रत्येक वेळी गोड्या पाण्यानं धुवा. होडी ट्रेलरवर असेल तर आउटबोर्ड मशीनच्या, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाच्या, आवळायच्या दोन्ही फिरकींना मिळून कुलूप लावा. ट्रेलर जागेवर ठेवून मशीन तेवढी काढून नेणारेही असतात.

चोरी झालीच तर

112 ला लगेच फोन करा. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली आहे म्हणून परत पाठवलं तर ‘झिरो एफआयआर’ नोंदवून घ्या, तो कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. माल वाहून नेणाऱ्या वाहनाची चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 खाली येते. 1 जुलै 2024 पासून हा कायदा लागू आहे आणि या कलमात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रारीत गुप्त जागी पंच केलेल्या नंबरची जागा लिहू नका, ‘ओळखीची खूण आहे, ती दाखवू शकतो’ एवढंच लिहा. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. आणि आम्हालाही फोन करा. आसपासच्या वर्कशॉपवाल्यांच्या आणि भंगारवाल्यांच्या ग्रुपवर आम्ही फोटो आणि वर्णन टाकतो. ट्रॉली गॅसनं कापून भंगारात जाण्याआधीचे पहिले एक-दोन दिवसच हाताशी असतात.

आमच्याकडे येताना

ट्रॉली आणायची गरज नाही. जुनी पिन तेवढी घेऊन या. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पिना 25 ते 32 मिलिमीटर जाडीच्या असतात, पण झिजून त्यांचं माप बदललेलं असतं, त्यामुळे हुकाच्या भोकाचं मापही घ्या. मोजपट्टी नसेल तर भोकावर कागद ठेवून बोटानं दाबा, कडा उमटते, तो कागद आणा. नवीन पिन त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मिळते. हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आसपास आलात तर बरं पडेल. एकदा ऊसतोड सुरू झाली की आमच्या दारातही रांग लागते.