शेतकरी बाजार म्हणजे सेंद्रिय बाजार नव्हे

‘थेट शेतकऱ्याकडून घेतलं, म्हणजे बिनफवारणीचं’ हा समज मुंबईच्या सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि थेट विक्रीची वाट मोकळी झाली. त्यात मधले दलाल कमी होतात, एवढंच. माल कसा पिकवला याची हमी त्यात नाही.

पालकाच्या पानाला भोकं दिसली की लोक निर्धास्त होतात. पण भोक एवढंच सांगतं, की अळीने पान खाल्लं. फवारणी अळी दिसल्यावरही होऊ शकते, आणि खाल्लेलं पान काही भरून येत नाही!

पाकीटबंद सेंद्रिय मालावर ‘जैविक भारत’चं चिन्ह बघा. स्वतः थेट विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला मात्र प्रमाणपत्राची सक्ती नाही. म्हणून दादांना, मावशींना सरळ विचारा: शेवटची फवारणी कधी, कशाची? फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत, ते औषधाच्या लेबलवर दिलेलं असतं. जो शेतकरी हे दिवस न अडखळता सांगतो, त्याच्याकडून मी नक्की घेते. घरी आणल्यावर भाजी वाहत्या पाण्याखाली धुतेच.