साझच्या दुकानातल्या मैफलीची पार्श्वभूमी

इस्तंबूलमध्ये ट्यूनेल चौकातून गलाता मनोऱ्याकडे उतरणारा गालिप देदे रस्ता वाद्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. वाद्यांच्या दुकानातच संध्याकाळी स्टुलं मांडून अनातोलियाची, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागाची, लोकगीतं रंगतात, तेव्हा परक्याला ती गिऱ्हाईक खेचण्याची युक्ती वाटू शकते. थोडीफार असेलही. पण या संगीताच्या हक्काच्या जागा गेल्या शंभर वर्षांत कशा आक्रसत गेल्या हे पाहिलं, की ते दुकानापर्यंत का आलं ते कळतं.

हे संगीत मुळात रंगमंचाचं नव्हेच. साझ, म्हणजेच बालामा हे लांब दांडीचं तंतुवाद्य, गळ्यात अडकवून गावोगाव फिरणाऱ्या कवी-गायकाला तिकडे आशिक म्हणतात. पूर्वेकडच्या कार्स, एर्झुरुम या शहरांच्या कॉफीखान्यांत दोन आशिक समोरासमोर बसून कलगी-तुऱ्यासारखे सवाल-जवाब करत. त्यातला एक प्रकार तर अफाट आहे: ओठांमध्ये टाचणी उभी धरायची आणि प, ब, म असे ओठ मिटवणारे वर्ण टाळून ऐनवेळी कवन रचायचं. चुकलात तर टाचणी सांगतेच. 2009 साली युनेस्कोने ही परंपरा आपल्या वारसा-यादीत घेतली.

दुसरी जागा आलेवी या अलीला मानणाऱ्या मुस्लिम पंथाची जेम ही उपासना. तिथे साझशिवाय पान हलत नाही. साझला ते ‘तारांचं कुराण’ म्हणतात, वाजवण्याआधी तिचं चुंबन घेतात. सोळाव्या शतकातल्या पीर सुलतान अब्दालची बंडखोर पदं अशाच बैठकांतून तोंडोतोंडी टिकली.

1925 साली नव्या तुर्की प्रजासत्ताकाने सुफी मठ कायद्याने बंद केले. गालिप देदे रस्त्याच्या वरच्या टोकाला असलेला, 1491 सालचा मेव्हलेवी (कवी रूमीच्या अनुयायांचा) मठही त्यात बंद झाला. आज तिथे संग्रहालय आहे. (तिथलं संगीत नेय या बासरीचं, शास्त्रीय वळणाचं. पण कायद्याने असा भेद केला नाही.) आलेवींच्या जेम बैठका आधीही चोरूनच होत, त्या तशाच चोरून चालू राहिल्या.

गंमत अशी, की त्याच सरकारला लोकगीतं मात्र हवी होती. ओस्मानी (ऑटोमन) दरबारी संगीत परकं आणि खेड्यातलं ते खरं राष्ट्रीय, असा तेव्हाचा विचार. 1926 पासून इस्तंबूलच्या संगीतशाळेने गीतं गोळा करायला माणसं पाठवली. 1936 मध्ये हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक अदाना भागात ध्वनिमुद्रणं करून गेला. पुढे मुझफ्फर सारिसोझेन यांनी अंकारा रेडिओवर ‘युर्त्तान सेसलेर’ हा वृंद उभा केला. हजारो गीतं त्यामुळे वाचली, हे मान्यच. पण एकट्याने गायची गोष्ट समूहाने एका सुरात गायली जाऊ लागली, गावागावांची साझ जुळवण्याची वेगवेगळी पद्धत मागे पडली आणि आलेवी पदांतल्या ‘शहा’च्या (म्हणजे अलीच्या किंवा इराणच्या शहाच्या) जागी निरुपद्रवी ‘दोस्त’ आला. माझ्या मते रेडिओने गाणं जपलं, पण गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांमधली जवळीक जपली नाही. आशिक वेसेलसारखा सिवासचा अंध कवी मात्र या साच्यात न बसताही देशभर पोचला.

पन्नासच्या दशकापासून खेडी शहराकडे निघाली. गावातली बैठकीची खोली मागे राहिली, साझ मात्र सोबत आली. तिला कारागीर लागतो: तुतीच्या लाकडाचं पोट, त्यावर बहुधा स्प्रूसची पातळ तबली, दांडीवर मासेमारीच्या दोऱ्याचे सरकवता येणारे पडदे. पडदे सरकतात, तबली खचते, सात तारांपैकी एखादी तुटते. म्हणजे वादकाची दुकानात फेरी ठरलेली. दुरुस्ती झाली की वाजवून बघायचं, शेजारी बसलेला दुसरी साझ उचलणार, तिसरा गाणार. शिकवण्याही तिथेच. माइकशिवायची साझ मुळात हळू बोलते. नखीचा तबलीवरचा ठोका छोट्या खोलीतच नीट ऐकू येतो.

2 जुलै 1993 रोजी सिवासमध्ये पीर सुलतान अब्दालच्या नावाच्या महोत्सवाला आलेले कलावंत उतरलेलं मादिमाक हॉटेल जमावाने पेटवलं. 35 जण गेले. त्यांत 22 वर्षांचा साझवादक हसरेत ग्युलतेकिन आणि ज्येष्ठ कवी-गायक नेसिमी चिमेन होते. त्यानंतर आलेवी तरुणांसाठी साझ हातात घेणं ही ओळख उघडपणे सांगण्याची गोष्ट झाली. त्याच दशकात इस्तंबूलच्या बेयोलू भागातल्या गल्ल्यांत लोकगीतांचे बार निघाले, पण तिथे ध्वनिवर्धक आणि ताटांचा आवाज. ज्यांना नुसतं ऐकायचं होतं, त्यांना दुकानच बरं वाटलं तर नवल नाही.

1961 च्या कामगार-भरती करारानंतर जर्मनीला गेलेल्या तुर्की कामगारांनी साझही तिकडे नेली. किर्शेहिरचे गायक-साझवादक नेशेत एर्ताश तर अनेक वर्षं जर्मनीतच राहिले, मुलांना साझ शिकवत. 2013 साली बर्लिनच्या संगीत परिषदेने बालामाला ‘वर्षाचं वाद्य’ म्हणून निवडलं, तेव्हा ते त्या शहरात वाजू लागून जवळपास अर्धं शतक होत आलं होतं.